स्वतःवर तोफा रोखणारा लेफ्टनंट

दुसऱ्या महायुद्धातील असंख्य शौर्यकथांमध्ये अमेरिकी सैन्यातील लेफ्टनंट जॉन रॉबर्ट फॉक्स यांची कथा वेगळी आहे. २६ डिसेंबर १९४४ रोजी सकाळी इटलीतील सोम्मोकोलोनिया या डोंगरी खेड्यात, चहूबाजूंनी शत्रूने घेरले असताना, या तरुण अधिकाऱ्याने आपल्याच तोफखान्याला तोफा आपल्यावर रोखण्याचा आदेश दिला. तो आदेश पाळला गेला आणि फॉक्स यांना वीरमरण आले. तेव्हा ते अवघे २९ वर्षांचे होते. हा पराक्रम घडण्यास काही तास पुरले. त्याची पुरेशी दखल घेण्यास मात्र त्यांच्या देशाला ५२ वर्षे लागली. या विलंबाचे कारण युद्धभूमीवर सापडत नाही. फॉक्स कृष्णवर्णीय होते, हे त्याचे कारण आहे.

जॉन फॉक्स यांचा जन्म १८ मे १९१५ रोजी ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथे झाला. गुलामगिरी नष्ट होऊन अर्धशतक उलटले होते, परंतु कृष्णवर्णीय माणसाचे आयुष्य जागोजागी आखलेल्या रेषांच्या आतच जात होते. शाळा, नोकरी, वस्ती, लष्कर या सर्वच ठिकाणी त्या रेषा होत्या. फॉक्स यांनी काही काळ ओहायो स्टेट विद्यापीठात शिक्षण घेतले आणि नंतर ते विल्बरफोर्स विद्यापीठात दाखल झाले. १८५६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणाचे एक जुने आणि मानाचे केंद्र होती. तेथे विद्यार्थ्यांना लष्करी अधिकारी होण्याचे प्रशिक्षणही मिळत असे.

या प्रशिक्षणात फॉक्स यांना लाभलेले गुरू म्हणजे कॅप्टन एरन फिशर. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर लढताना जखमी होऊनही माघार न घेतल्याबद्दल फिशर यांना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस हा अमेरिकी लष्करातील दुसऱ्या क्रमांकाचा शौर्यसन्मान मिळाला होता. त्या वेळी ते ३६६व्या इन्फन्ट्री रेजिमेंटमध्ये होते आणि ती रेजिमेंट ९२व्या डिव्हिजनचा भाग होती. पुढे एका महायुद्धाच्या अंतराने त्यांचा शिष्य त्याच रेजिमेंटमधून, त्याच डिव्हिजनच्या झेंड्याखाली लढावयास गेला. फॉक्स यांनी अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि सेकंड लेफ्टनंट म्हणून ते सैन्यात रुजू झाले. मॅसॅच्युसेट्समधील आर्लीन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सँड्रा ही त्यांची कन्या. वडील युद्धावर गेले तेव्हा ती अगदी लहान होती.

ज्या सैन्यात फॉक्स दाखल झाले, ते लोकशाहीच्या रक्षणासाठी लढत असले तरी त्याच्या आत वर्णभेद शाबूत होता. कृष्णवर्णीयांच्या पलटणी वेगळ्या असत, बराकी वेगळ्या असत आणि भोजनगृहेही वेगळी असत. जखमींसाठी गोळा केलेले रक्तसुद्धा दात्याच्या वर्णानुसार वेगवेगळे ठेवले जाई. या युद्धात सुमारे १२ लाख कृष्णवर्णीय अमेरिकनांनी गणवेश चढविला. परंतु त्यांतील बहुसंख्यांच्या वाट्याला रसद पोहोचविणे, मालवाहू वाहने हाकणे, रस्ते बांधणे, बोटींवरील माल उतरविणे अशीच कामे आली. त्यांच्या हाती आघाडीवरची बंदूक देण्यास सेनाधिकारी फारसे राजी नव्हते.

३६६वी रेजिमेंट या परिस्थितीतही आपला आब राखून होती. शिपायापासून कर्नलपर्यंत तिचे सर्व मनुष्यबळ कृष्णवर्णीय होते, आणि त्या काळात हे अपवादात्मकच म्हणावे लागेल. १९४४ मध्ये ही रेजिमेंट इटलीत पोहोचली. परंतु लढाईसाठी तयार झालेल्या या सैनिकांना अनेक महिने विमानतळांच्या पहाऱ्यावर ठिकठिकाणी विखरून ठेवण्यात आले. नोव्हेंबर १९४४ मध्ये ती ९२व्या डिव्हिजनला जोडण्यात आली आणि पुरेशा पूर्वतयारीविनाच तिच्या तुकड्या डोंगराळ आघाडीवर रवाना झाल्या. या डिव्हिजनमध्ये शिपाई कृष्णवर्णीय होते, तर बहुतेक वरिष्ठ अधिकारी गौरवर्णीय होते. डिव्हिजनचे सेनापती मेजर जनरल एडवर्ड आल्मंड यांचा आपल्याच सैनिकांच्या लढाऊ गुणांवर विश्वास नव्हता, आणि ते मत त्यांनी लपवूनही ठेवले नाही.

फॉक्स हे रेजिमेंटच्या कॅनन कंपनीत होते. पायदळाला जवळून तोफांचे पाठबळ देणे हे या कंपनीचे काम. डिसेंबरमध्ये ते ५९८व्या फील्ड आर्टिलरी बटालियनसाठी पुढच्या फळीतील निरीक्षक म्हणून काम पाहत होते. लष्करी परिभाषेत अशा अधिकाऱ्यास फॉरवर्ड ऑब्झर्व्हर म्हणतात. त्यांच्या पराक्रमाचा अर्थ नीट कळण्यासाठी हे काम कसे चालते, हे समजून घ्यावयास हवे.

तोफा आघाडीच्या मागे, टेकड्यांच्या आड, काही किलोमीटर अंतरावर उभ्या असतात. तोफा डागणाऱ्यांना शत्रू दिसत नाही. त्यांचे डोळे म्हणजे हा निरीक्षक. तो पायदळाच्या बरोबरीने, कधी त्याच्याही पुढे, एखाद्या उंच घरात किंवा कड्यावर ठाण मांडतो. दुर्बीण, नकाशा आणि रेडिओ किंवा टेलिफोन ही त्याची हत्यारे. तो नकाशावरील जागा कळवितो. मागील केंद्रात गणित मांडून तोफांची दिशा आणि उंची ठरविली जाते. पहिला गोळा पडला की तो कोठे पडला, हे पाहून निरीक्षक दुरुस्ती सांगतो. इतके मीटर उजवीकडे, इतके मीटर अलीकडे, अशा एकेका दुरुस्तीने गोळे नेमक्या लक्ष्यावर आणले जातात. त्या काळच्या १०५ मिलिमीटर हॉवित्झरचा एक गोळा सुमारे १५ किलो वजनाचा असे आणि त्याच्या ठिकऱ्या दूरवर उडून माणसे टिपीत. म्हणूनच आपल्या माणसांपासून सुरक्षित अंतर राखणे, हा निरीक्षकाला शिकविला जाणारा अगदी प्राथमिक नियम होय.

डिसेंबर १९४४ मध्ये इटलीतील युद्ध थंडावले होते. उत्तरेकडे सरकणाऱ्या दोस्त राष्ट्रांच्या फौजा जर्मनांनी ॲपेनाइन पर्वतराजीत उभारलेल्या गॉथिक लाइन या संरक्षक फळीपाशी अडल्या होत्या. टस्कनी प्रांतातील सेर्कियो नदीचे खोरे या फळीच्या पश्चिम भागात येते. खोऱ्यातील बार्गा हे महत्त्वाचे गाव. त्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या टोकावर, दगडी घरांचे आणि अरुंद गल्ल्यांचे सोम्मोकोलोनिया वसले आहे. हे खेडे ज्याच्या ताब्यात, त्याची नजर साऱ्या खोऱ्यावर, अशी त्याची जागा. तेथे ३६६व्या रेजिमेंटचे थोडेसे सैनिक तैनात होते. त्यांच्या साथीला मुसोलिनी आणि जर्मनांविरुद्ध शस्त्र उचललेले इटालियन पार्टिझान, म्हणजे गनिमी लढवय्ये होते. फॉक्स यांनी आपले निरीक्षण ठाणे गावातील एका घराच्या वरच्या मजल्यावर थाटले होते.

नाताळच्या रात्री साध्या नागरी वेशातील शत्रुसैनिक एकेक करून गावात शिरले. २६ डिसेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास तोफा धडाडू लागल्या आणि गणवेशातील जर्मन व ऑस्ट्रियन पहाडी सैनिकांनी जोरदार हल्ला चढविला. जर्मनांनी हिवाळी वादळ असे नाव दिलेल्या मोहिमेचा हा आरंभ होता. गल्लीगल्लीत, घराघरांत झुंज सुरू झाली. बचाव करणारे संख्येने फारच कमी होते. थोड्याच वेळात गावाचा बराच भाग शत्रूच्या हाती गेला आणि पायदळाच्या बहुतेक सैनिकांना मागे सरकावे लागले.

फॉक्स यांनाही माघार घेता आली असती. त्यांच्या पदाला ते अशोभनीयही ठरले नसते. परंतु निरीक्षक निघून गेला की मागच्या तोफा आंधळ्या होतात, आणि तोफा आंधळ्या झाल्या की माघार घेणाऱ्यांच्या पाठीवर शत्रू मोकळेपणाने चालून येतो, हे ते जाणून होते. त्यांनी आणि त्यांच्या छोट्या तुकडीने स्वेच्छेने मागे राहण्याचे ठरविले.

सकाळी आठच्या सुमारास त्यांनी कळविले, की शत्रू रस्त्यांवर उतरला असून मोठ्या संख्येने चाल करीत आहे. त्यांनी बचावात्मक मारा मागविला आणि गोळे पडू लागले. परंतु हल्ला थांबेना. शत्रू जसजसा त्यांच्या घराच्या दिशेने पुढे सरकू लागला, तसतशी फॉक्स यांची प्रत्येक दुरुस्ती तोफगोळे आणखी जवळ आणू लागली.

मारा नियंत्रित करणाऱ्या केंद्रात त्या वेळी लेफ्टनंट ओटिस झकारी होते. ते फॉक्स यांचे जिवलग मित्र. पुढची दुरुस्ती नकाशावर मांडताच तिचा अर्थ त्यांच्या ध्यानात आला. ती जागा खुद्द फॉक्स यांच्या ठाण्याची होती. हा मारा थेट तुमच्यावरच येईल, अशी स्पष्ट जाणीव फॉक्स यांना देण्यात आली. फॉक्स यांना ते ठाऊकच होते. शत्रूची संख्या आपल्यापेक्षा फार मोठी आहे आणि त्याला रोखण्याचा दुसरा मार्ग उरलेला नाही, असे सांगून त्यांनी मारा करण्याचा आग्रह कायम ठेवला. अखेर तोफा डागल्या गेल्या. त्यानंतर फॉक्स यांचा आवाज पुन्हा ऐकू आला नाही.

रणांगणावर आवेशाच्या भरात मृत्यूला सामोरे जाणारे अनेक असतात. फॉक्स यांच्या निर्णयात आवेशाला फारशी जागा नव्हती. तेथे होते नकाशावरचे आकडे, एकामागून एक दिलेल्या दुरुस्त्या आणि प्रत्येक दुरुस्तीगणिक कमी होत जाणारे अंतर. थांबण्याची संधी त्यांना प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी होती. आणि झकारी यांच्या वाट्याला आलेले कर्तव्यही कमी कठोर नव्हते. मित्राचा शब्द पाळायचा म्हणजे मित्रावर गोळे सोडायचे, असा तो पेच होता.

फॉक्स यांच्या बलिदानाने सोम्मोकोलोनिया वाचले नाही. गाव त्या दिवशी पडले, बार्गाही हातचे गेले आणि ९२व्या डिव्हिजनची फळी मागे रेटली गेली. परंतु त्या माऱ्याने हल्लेखोरांची मोठी हानी झाली आणि मागे सरकणाऱ्या सैनिकांना सावरून नव्याने फळी धरण्यास उसंत मिळाली. त्यांच्या सन्मानाच्या मानपत्रातील नोंदीनुसार, प्रतिहल्ल्यात ती जागा परत मिळविण्यात आली तेव्हा फॉक्स यांच्या मृतदेहासमवेत सुमारे १०० जर्मन सैनिकांचे मृतदेह आढळले.

या प्रतिहल्ल्याशी भारताचा थेट संबंध आहे. जर्मन हल्ल्याची कुणकुण लागल्याने दोस्त राष्ट्रांच्या सेनानींनी मेजर जनरल डडली रसेल यांच्या आठव्या इंडियन डिव्हिजनच्या ब्रिगेड सेर्कियो खोऱ्यात आणून ठेवल्या होत्या. फळी मोडली तेव्हा याच भारतीय सैनिकांनी खोऱ्याचा मार्ग रोखून धरला. विमानदलाच्या साह्याने शत्रूला मागे हटविण्यात आले आणि नववर्षाच्या सुमारास बार्गा व सोम्मोकोलोनिया पुन्हा दोस्तांच्या हाती आले. फॉक्स ज्या खोऱ्यासाठी लढले, ते अखेर राखले ते भारतातून गेलेल्या जवानांनी.

याच आठव्या डिव्हिजनमधील मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीच्या काठी जखमी सहकाऱ्यांना वाचविताना आणि मशिनगनच्या चौक्या उद्ध्वस्त करताना गाजविलेला पराक्रम महाराष्ट्राला परिचित आहे. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तोही त्याच वर्षीच्या जून महिन्यात. तत्पूर्वी, जुलै १९४४ मध्ये इटलीतच धारातीर्थी पडलेले नाईक यशवंत घाडगे यांना तो त्याच वर्षी मरणोत्तर जाहीर झाला होता. ब्रिटिश साम्राज्य भारतीयांना स्वातंत्र्य देण्यास तयार नव्हते, पण परतंत्र देशातील मराठा शिपायाच्या छातीवर आपला सर्वोच्च शौर्यसन्मान काही महिन्यांत लावण्याइतकी त्याची लष्करी व्यवस्था खुली होती. उलट, स्वतंत्र देशाचा नागरिक आणि अधिकारी असलेल्या फॉक्स यांच्या बाबतीत त्यांचे सैन्य दीर्घकाळ मौन पाळून राहिले.

हे मौन केवळ एका माणसापुरते नव्हते. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेने मेडल ऑफ ऑनर हा आपला सर्वोच्च शौर्यसन्मान चारशेहून अधिक जणांना दिला. युद्ध संपले तेव्हा त्यांत एकही कृष्णवर्णीय नव्हता. सेर्कियो खोऱ्यातील पिछेहाटीचा ठपका ९२व्या डिव्हिजनच्या सैनिकांवर, पर्यायाने त्यांच्या वर्णावर ठेवण्यात आला. ज्या लढाईला अपयशाचे उदाहरण ठरवावयाचे, त्याच लढाईत एका कृष्णवर्णीय अधिकाऱ्याने असामान्य शौर्य गाजविले, हे सांगणे सोयीचे नव्हते. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी १९४८ मध्ये सैन्यातील वर्णभेद संपविण्याचा आदेश काढला. परंतु जुन्या नोंदींची फेरतपासणी त्यानंतरही झाली नाही.

फॉक्स यांची आठवण जिवंत ठेवली ती त्यांच्या पत्नीने, रेजिमेंटमधील सोबत्यांनी आणि सोम्मोकोलोनियाच्या गावकऱ्यांनी. युद्ध संपल्यावर त्या लहानशा खेड्याने तेथे पडलेल्या नऊ वीरांचे स्मारक उभारले. त्यांतील आठ इटालियन होते. नववे नाव होते जॉन फॉक्स यांचे. ज्या तोफगोळ्यांनी शत्रूला टिपले, त्यांनीच गावाच्या भिंतीही पाडल्या होत्या. तरीही गावकऱ्यांनी या परदेशी लेफ्टनंटला आपल्या माणसांच्या पंक्तीत बसविले. त्यांच्या स्वतःच्या देशाने दखल घेण्याच्या कितीतरी आधी हे घडले.

झकारी यांनाही त्या सकाळचा विसर पडला नव्हता. मित्राच्या शौर्याची नोंद व्हावी, यासाठी ते आणि रेजिमेंटचे इतर जुने सैनिक झटत राहिले. अखेर १९८२ मध्ये फॉक्स यांना मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस देण्यात आला. त्यांचे गुरू फिशर यांना मिळालेला सन्मान हाच. पण फिशर यांना तो पहिल्या महायुद्धातच मिळाला होता. फॉक्स यांच्या पत्नीला त्यासाठी ३७ वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले.

१९९०च्या दशकात अमेरिकी लष्कराने या अन्यायाच्या मुळाशी जाण्याचे ठरविले आणि नॉर्थ कॅरोलिनातील शॉ विद्यापीठाकडे संशोधनाचे काम सोपविले. एकाही कृष्णवर्णीयाला सर्वोच्च सन्मान का मिळाला नाही, हा अभ्यासाचा विषय होता. सैन्यातील वर्णभेदाचे वातावरण हेच त्यामागील कारण असल्याचा निष्कर्ष संशोधकांनी काढला आणि काही नावांचा फेरविचार व्हावा, असे सुचविले. महायुद्धातील पराक्रमासाठी हा सन्मान देण्याची कायदेशीर मुदत १९५२ मध्येच संपली होती. त्यामुळे १९९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसला विशेष तरतूद करावी लागली.

१३ जानेवारी १९९७ रोजी व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी सात कृष्णवर्णीय वीरांना मेडल ऑफ ऑनर प्रदान केले. त्या सातांपैकी त्या दिवशी हयात होते केवळ एक, फॉक्स यांच्याप्रमाणेच ९२व्या डिव्हिजनमधून इटलीत लढलेले व्हर्नन बेकर. २०१० मध्ये त्यांचेही निधन झाले. उरलेल्या सहा जणांचा सन्मान आप्तस्वकीयांच्या किंवा प्रतिनिधींच्या हाती देण्यात आला. फॉक्स यांचे पदक आर्लीन यांनी स्वीकारले. ऐन तारुण्यात वैधव्य आलेली ही स्त्री त्या दिवशी वार्धक्यात होती.

१६ जुलै २००० रोजी सोम्मोकोलोनियाच्या जुन्या गढीच्या अवशेषांपाशी शांतता स्मारकाचे लोकार्पण झाले. २६ डिसेंबरच्या लढाईत कामी आलेल्यांच्या स्मृतीला ते वाहिलेले आहे. फॉक्स यांचे पार्थिव मात्र इटलीत नाही. ते मॅसॅच्युसेट्समधील व्हिटमन या गावी, कोलब्रूक दफनभूमीत विसावले आहे.

युद्धात सैनिक आपल्या देशावर विश्वास टाकतो आणि देश सैनिकावर. फॉक्स यांच्या बाबतीत हा व्यवहार एकतर्फी होता. ज्या सैन्याने त्यांच्या वर्णाच्या माणसांवर भरवसा ठेवण्याचे नाकारले, त्याच सैन्याच्या तोफांवर त्यांनी स्वतःच्या प्राणांसह संपूर्ण भरवसा टाकला. त्यांच्या पश्चात मिळालेल्या पदकाने आर्लीन यांचे हरवलेले दिवस परत आले नाहीत, आणि सँड्राला वडीलही मिळाले नाहीत. परंतु ९२व्या डिव्हिजनवर दीर्घकाळ लादलेला कमीपणाचा शिक्का खोटा होता, हे सरकारी कागदोपत्री मान्य झाले. सोम्मोकोलोनियाच्या गावकऱ्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होते.